मूग गिळून बसलेली भिंत

पंचिंग बॅग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर छताला टांगलेलं ते लांबलचक लाल धूड येतं आणि त्याच्यापुढे घामाघूम झालेला कुणीतरी हिरो, ज्याचं ब्रेकअप तरी झालेलं असतं नाहीतर बॉसशी वाजलेलं असतं. आमच्या पॅसेजमधली बॅग तसली नाहीये. ती भिंतीला चिकटून असते, हलत नाही, झुलत नाही. कॅनव्हासचे एकाखाली एक तीन चौकोन, प्रत्येक साधारण फूटभर, वरचा चेहऱ्याच्या उंचीला, मधला छातीला, खालचा पोटाला. पाहुणे आले की दोन मिनिटं बघत राहतात आणि मग विचारतात, हे चपला ठेवायचं आहे का.

ही विंग चुनची वॉल बॅग. विंग चुन म्हणजे दक्षिण चीनमधली कुंग फू, जिचं नाव बहुतेकांना ब्रूस ली मुळे माहिती असतं कारण तो पोरगेला असताना हाँगकाँगमध्ये इप मॅनकडे हेच शिकला. इप मॅन मूळचे दक्षिण चीनमधल्या फोशान शहरातले, खाऊनपिऊन सुखी घरातले, हाँगकाँगला आले तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं, आणि 1950 मध्ये त्यांनी हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत शिकवायला सुरुवात केली. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग लाकडी पुतळ्याचा आहे. हात-पाय फुटलेला तो लाकडी ओंडका, ज्याच्यावर हे लोक सराव करतात, तो फोशानमध्ये सरळ जमिनीत पुरायचे. हाँगकाँगच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कुठे खड्डा खणणार? मग तो आडव्या पट्ट्यांवर चढवून भिंतीला लावायला लागले, आणि आता जगभर तसाच लावतात. जागा नाही म्हणून स्वतःला भिंतीवर चढवून घेणारी कला डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या बाईला आपलीशी वाटणारच ना.

फक्त भिंत कुठलीही चालत नाही. हल्लीच्या बिल्डिंगमधल्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, त्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या असतात. ड्रिलवाल्याने हॉलची भिंत नुसती ठोकून बघितली आणि म्हणाला, "ताई, इथे टीव्ही टिकेल, तुमचे गुद्दे नाही टिकायचे." त्याला एक तर आधी पटतच नव्हतं की हे माझ्यासाठी आहे, तो सारखा "साहेब कधी येणार" विचारत होता. शेवटी पॅसेजमधला आरसीसी कॉलम सापडला, त्यावर जाड प्लायवूड आणि प्लायवूडवर हुक. पलीकडे जिना आहे, म्हणून शेजारच्या काका-काकूंशी आमचे संबंध अजून उत्तम आहेत.

बॅग येते रिकामी, आत काय भरायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. वाळू भरली तर ती हळूहळू खाली बसते आणि दगड होते. लोखंडी छर्रे भरणारेही असतात, त्यांना माझा लांबून नमस्कार. नव्याने सुरू करणाऱ्याला मूग बरे, कारण दाणा दाण्यावर सरकतो आणि मुठीला थोडी जागा देतो. हे काही आमच्या क्लासचं फॅड नाही, चीनमध्ये हात तयार करायला मुगाच्या पिशव्या जुन्या काळापासून वापरतात, आणि तिकडच्या वैद्यकातही मूग थंड समजतात. तर वाण्याकडून पोतंच आणलं म्हणा ना. सासूबाईंनी ते सगळे हिरवे मूग चेन उघडून कॅनव्हासमध्ये ओतले जाताना पाहिले, अन्नाचा अपमान वगैरे काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मूग गिळून गप्प बसणारं घरात आणखी एक झालं." आधीचं कोण ते मी विचारलं नाही, ह्यांनी तर पेपरातून मान पण वर केली नाही.

आता मुद्द्याचं. टांगलेली बॅग तुमची फार खुशामत करते. गुद्दा बसला की ती मागे जाते, डुलते, साखळी वाजते आणि आपल्याला वाटतं काय ताकद आहे! पण त्या डुलण्यात तुमच्या निम्म्या चुका लपून जातात. वॉल बॅग कुठे जात नाही, तिच्या मागे कॉलम आहे. तुम्ही लावलेल्या जोरातलं थोडं मूग खातात आणि उरलेलं सगळं परत तुमच्याकडे येतं, आणि कुठून येतं त्यावरून कळतं काय बिघडलंय. खांदा उचललेला असेल तर खांद्यात येतं. कोपर बाहेर पडलं असेल तर मनगट लचकतं. उभं राहणं कच्चं असेल, म्हणजे गुडघे आत घेऊन बूड खाली सोडून जे उभं राहायचं असतं ते नीट नसेल, तर हात ठीक राहतो पण आपणच मागे ढकलले जातो आणि टाचा उचलतात. सगळं जुळलं तर काहीच होत नाही, एक आखूड कोरडा आवाज येतो आणि जोर टाचेतून खाली जमिनीत निघून जातो. आमचे सर बघत पण नाहीत, पाठमोरे उभे राहून आवाज ऐकतात आणि म्हणतात, "खांदा."

म्हणूनच मला सगळ्या मैत्रिणी जेव्हा म्हणतात की मस्त ना, राग काढायला बरं, तेव्हा हसू येतं. अगं, राग आलेला असताना ही बॅग मारूनच बघ. रागात मूठ आधीपासून आवळलेली असते, दात आवळलेले असतात, हात लाकूड झालेला असतो. विंग चुनमध्ये हात सैल सोडायचा आणि मूठ लागायच्या क्षणाला तेवढी आवळायची, लगेच परत सैल, कारण मागोमाग दुसरा हात त्याच रेषेवरून निघालेला असतो आणि त्याच्यामागे परत पहिला. रागावलेल्या माणसाला सैल सोडणं जमत नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गुद्द्याला मनगट दुखतं आणि मग ज्याच्यावर राग होता तो राहतो बाजूला, राग बॅगवर. राग काढायला कपडे धुवावेत, ब्रशने, कॉलर घासत, ते उत्तम.

मूठ उभी असते बरं का, अंगठा वर, आणि लागायचं ते खालच्या तीन बोटांच्या हाडांनी. इथे डॉक्टर लोक भुवया उंचावतात आणि ते बरोबर आहे, कारण करंगळीमागचं तळहातातलं हाड वेडावाकडा गुद्दा मारून मोडणं हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्या फ्रॅक्चरला बॉक्सर्स फ्रॅक्चर असंच नाव आहे. म्हणजे मनगट सरळ होईपर्यंत जोर लावायचाच नाही. हाडावर भार पडत राहिला की हाड त्याप्रमाणे घडतं, असं युलिउस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने 1892 मध्येच मांडलं, पण त्याला महिने लागतात, आणि कातडी त्याच्या कितीतरी आधी निबर होते, म्हणून पोरांना वाटतं झाला हात तयार. काही जण गाठी आलेली बोटं फोटो काढून दाखवतात. मला संध्याकाळी पोळ्या लाटायच्या असतात, दिवसभर कीबोर्ड बडवायचा असतो, मला तसली बोटं अजिबात नकोत.

मारून झालं की हाताला चोळायचं एक तेल... तेल नाही, दारूत वनस्पती मुरवलेला काढा म्हणा, दित दा जाऊ. नुस्खे घराण्यागणिक वेगळे, पण हिराबोळ आणि करडईची फुलं बऱ्याच नुस्ख्यांत असतात. सासूबाईंनी बाटली हुंगली आणि हिराबोळ लगेच ओळखला, बाळंतिणीला देतात तो. सूज खरंच उतरते का नुसतं चोळल्यामुळे बरं वाटतं, माहीत नाही, पण घरभर वास सुटतो हे नक्की.

आख्यायिका अशी सांगतात की ही पद्धत एन्ग मुई नावाच्या भिक्षुणीने बांधली आणि यिम विंग चुन या मुलीला शिकवली, कारण एक गुंड तिच्याशी जबरदस्ती लग्न करायला निघाला होता, आणि तिने त्याला लोळवलं. इतिहासात याला पुरावा नाही, पण क्लासमध्ये सांगतात ती हीच गोष्ट आणि मी ती सासूबाईंना सांगितल्यापासून त्या बॅगवर ओले टॉवेल टाकत नाहीत.

मुगाचं एवढंच आहे की ते कायमचे नसतात. मार खाऊन खाऊन दाणे फुटतात, पीठ होतं, शिवणीतून हिरवट धूळ पडायला लागते आणि खाली पीठ बसून बॅग घट्ट होते. मग सगळं काढायचं, चाळायचं, बॅग उन्हात टाकायची आणि परत वाण्याकडे. त्याला मी सांगते की जुने द्या, कडक द्या, बारीक असले तरी चालतील, मोड नाही आले तरी चालेल. तो दरवेळी तागडीत घालता घालता काळजीने सांगतो, "ताई, हे शिजायला फार वेळ घेतील हां."