थंडीतली फटफटी

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरातल्या लष्कर भागाच्या गल्ल्यांमध्ये माणसं कानटोपीत शिरतात आणि मोटरसायकली कव्हरमध्ये. माणसांचं बरोबर आहे. मोटरसायकलींचं मला पटत नाही.

रात्री धुक्यातून यायचं, गाडी दवाने निथळत असते, आणि तशीच तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर ओढायचं! गंज चढायला लोखंड, हवा आणि पाणी एवढंच लागतं. आपण तिन्ही एकत्र कोंडून शांत झोपतो. त्यापेक्षा छपराखाली, वारा लागेल अशी उघडी गाडी बरी. हौसच असेल तर कोरडी पुसून, इंजिन निवल्यावर कापडी कव्हर घालावं.

विलायतेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे गंजाची क्रिया जोरात चालते. तिथले लोक म्हणून घरी आल्याआल्या गाडी धुतात, तीही गार पाण्याने. उष्णतेने मिठाला आणखी जोर येतो. हे वाचून आपल्याकडेही काही उत्साही मंडळी भर थंडीत रोज गाडी धुतात. कशाला? ग्वाल्हेरच्या रस्त्यावर मीठ नाही. इथला वैरी दव, आणि त्याला फडकं पुरतं.

हजीऱ्याला तानसेन समारोहाची रात्रीची सभा ऐकून बाहेर यावं, तर सीटवरून पाणी ओघळत असतं. लोक रुमालाने सीट पुसतात आणि निघतात. पुसायला हवेत ते स्पोक, नट-बोल्ट आणि क्रोमची रिम. क्रोमचा थर अगदी पातळ, त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. ओल त्यातून खालच्या पोलादापर्यंत पोचते. आधी टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके उठतात. तेव्हाच घासून तेलाचा हात फिरवला तर निभावतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे उशीर केला की तो वरचा थरच उचलून टाकतो.

सगळ्यात फसवा सायलेन्सर. बाहेरून चकचकीत, कुजतो आतून. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. लांब पल्ल्यात सायलेन्सर तापतो, वाफ बाहेर पडते. पण दौलतगंजातून बाड्याच्या चौकात भाजी आणायला गेलात, तर तो तापायच्या आत घर येतं आणि पाणी आतच राहतं. आमच्या गल्लीतले एक काका गाडीला जपतात, म्हणून बाड्याच्या पुढे नेतच नाहीत. म्हटलं, "काका, रविवारी हिला मुरैन्यापर्यंत फिरवून आणा." म्हणाले, "एवढ्या थंडीत? अरे, मुरैन्याची तिळाची गजक इथेही मिळते."

गावाला जाताना टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवेतली ओल पत्र्यावर साचते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, तेही ओल ओढतं, आणि पाणी फार झालं तर ते तळाशी वेगळं बसतं. म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीत तेच पेट्रोल ठेवू नये.

चेनला नव्वद नंबरचं गिअर ऑइल, स्टँडच्या सांध्याला ग्रीस, झालं. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही नको. तिथे रात्रीत आलेला तांबूसपणा सकाळी दोन-चारदा ब्रेक दाबले की आपोआप जातो. त्यालाही तेल चोळणारे महाभाग आहेत; रस्त्यात त्यांच्या पुढे राहू नये.