स्टेला डॅलस: आईच मुलीला दूर लोटते तेव्हा

1937 चा 'स्टेला डॅलस' बघितला एकदाचा. किंग विडॉर दिग्दर्शक, सॅम्युएल गोल्डविन निर्माता आणि स्टेला झालीये बार्बरा स्टॅनविक. मला वाटलेलं टिपिकल रडूबाई पिक्चर असणार, आणि रडवतो खरा, पण स्टेला काही बिचारी वगैरे नाही हो, भडक कपडे, ढीगभर बांगड्या, मोठमोठ्याने हसणं, गिरणी कामगाराची पोरगी श्रीमंत घरात लग्न करून आलेली आणि तिथे कधीच न मावलेली.

ट्रेनचा सीन तर कहर आहे. लॉरेल, म्हणजे मुलगी, वरच्या बर्थवर, आई खालच्या, आणि पलीकडे लॉरेलच्या मैत्रिणी स्टेलाच्या अवताराची टिंगल करतायत. दोघींनाही सगळं ऐकू येतं. लॉरेल हळूच खाली उतरून आईच्या कुशीत शिरते आणि स्टेला झोपेचं सोंग घेते. एक शब्द नाही! नंतर ही बाई मुलीच्या भल्यासाठी मुद्दाम वाईट वागून तिला बापाकडे पाठवते.

आता माझी चिडचिड, सगळा त्याग आईनेच का करायचा? बाप स्टीफन आरामात सुटतो, त्याला कुणी जाब विचारत नाही.

गंमत म्हणजे स्टॅनविक लॉरेल झालेल्या ॲन शर्लीपेक्षा जेमतेम 11 वर्षांनी मोठी, तरी शंका येत नाही. दोघींनाही ऑस्कर नॉमिनेशन होतं, मिळालं एकीलाही नाही. स्टॅनविकला तरी द्यायला हवं होतं राव.