आफ्रिकन सिनेमा बनतो, पण लोकांपर्यंत पोचवतं कोण?

१ मार्च २०२५ ला बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूमध्ये, आफ्रिकन सिनेमाचं फेस्पाको फेस्टिवल संपलं आणि दानी कुयातेच्या 'कातांगा'ला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, येनेंगाचा सोन्याचा घोडा. येनेंगा म्हणजे तिथल्या मोसी लोकांच्या कथेतली राजकन्या. पिक्चर मॅकबेथवर आहे पण सगळा मोसी लोकांच्या मोरे भाषेत, आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. यजमान देशातल्या माणसाने हे बक्षीस जिंकायला २८ वर्षं लागली, त्याआधी १९९७ ला गास्तों काबोरेने जिंकलं होतं. आणि या दानीचा बाप कोण, तर सोतिगी कुयाते, पीटर ब्रुकच्या महाभारतात भीष्म झालेला तो उंच, काटकुळा नट! ज्यांनी ते बघितलंय ते त्याला विसरलेले नसणार. त्या भीष्माच्या मुलाने आफ्रिकेतलं सगळ्यात मानाचं बक्षीस घेतलं आणि मराठीत त्याबद्दल एक ओळ मला तरी कुठे दिसली नाही. म्हणून लिहितेय.

आफ्रिकेत पिक्चर बनत नाहीत असं अजिबात नाहीये. एकट्या नायजेरियात वर्षाला अडीच हजारांच्या आसपास बनतात असं युनेस्कोच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये आहे. अडतं ते त्याच्या पुढे. त्याच रिपोर्टमध्ये आहे की अख्ख्या खंडात साधारण ७ लाख ८७ हजार माणसांमागे सिनेमाचा एक पडदा आहे. एक! एवढ्या माणसांत एक पडदा असेल तर पिक्चर पूर्ण झाला तरी तो जातो कुठे, कोण दाखवतं, रिळं कोण सांभाळतं, पोस्टर कोण रंगवतं, हे सगळं कोणीतरी करतंच आहे ना इतकी वर्षं, आणि त्यांची नावं आपल्याला माहितीच नसतात. डिरेक्टरची नावं निदान फेस्टिवलवाल्यांना माहिती असतात. मला आज बाकीच्यांबद्दल बोलायचंय.

सुरुवात पोलाँ सुमानू व्हिएरापासून करावी लागेल. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनला आफ्रिकन सिनेमाचा बाप म्हणतात आणि ते बरोबरच आहे, मार्सेयच्या बंदरावर हमाली केलेला माणूस, आधी कादंबऱ्या लिहिल्या, मग मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकून आला. पण त्याच्या पाठीशी हा व्हिएरा उभा होता. जन्म बेनिनमधला, पॅरिसच्या फिल्म स्कूलमध्ये शिकलेला. फ्रेंच सरकारचा १९३४ चा एक हुकूम होता, लावाल डिक्री, त्यामुळे वसाहतीत शूटिंग करायचं तर सरकारची परवानगी लागायची आणि आफ्रिकन माणसाला ती मिळायची मारामार. मग व्हिएरा आणि त्याच्या मित्रांनी १९५५ ला पॅरिसमध्येच कॅमेरा लावला आणि तिथे राहणाऱ्या आफ्रिकन लोकांवर फिल्म केली! पुढे सेनेगलमध्ये त्याने सरकारी न्यूजरीलचं खातं सांभाळलं, सेम्बेनच्या पिक्चरचं प्रॉडक्शन बघितलं आणि वर आफ्रिकन सिनेमाचा इतिहास लिहून ठेवला. म्हणजे बनवायचं, बनवून घ्यायचं आणि नोंदही ठेवायची, तिन्ही कामं एकाच माणसाने केली. नोंद ठेवली नसती तर सुरुवातीच्या किती फिल्म नुसत्या ऐकीव गोष्टी होऊन राहिल्या असत्या, विचार करा.

फेस्पाकोचंही तसंच. १९६९ ला ते अगदी छोटं सुरू झालं, आणि पहिल्या आयोजन समितीची अध्यक्ष एक बाई होती, आलिमाता सालांबेरे. हे नाव मला फार उशिरा कळलं कारण फेस्टिवलचा इतिहास सांगताना लोक थेट विजेत्यांच्या यादीवर जातात. त्या वेळी देशाचं नाव होतं अपर व्होल्टा, आणि तिथली थेटरं परदेशी कंपन्यांच्या हातात होती, त्या जे पाठवतील ते बघायचं. सरकारने तिकिटाच्या पैशात जास्त वाटा मागितला तर कंपन्यांनी पिक्चर पाठवणंच बंद केलं. मग १९७० ला सरकारने थेटरं सरळ ताब्यात घेतली आणि तिकिटातला काही हिस्सा देशातल्या सिनेमासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. एवढ्याशा गरीब देशाने हे करून दाखवलं हे मला आजही फार मोठं वाटतं, काबोरे आणि इद्रिसा वेद्राओगोसारखे डिरेक्टर तिथून आले ते असेच नाही आले.

नंतर मात्र ऐंशी-नव्वदच्या दशकात सरकारी तिजोऱ्या आटल्या, व्हिडिओ आला, आणि कितीतरी शहरांत थेटरांची गोदामं झाली, कुठे मार्केट झालं, कुठे चर्च झालं. सुदानमध्ये तर १९८९ च्या लष्करी उठावानंतर सिनेमा जवळपास संपलाच. तिथल्या चार म्हाताऱ्या फिल्ममेकर मित्रांवर सुहैब गास्मेलबारीची एक डॉक्युमेंटरी आहे, 'टॉकिंग अबाउट ट्रीज', २०१९ ची. हे चौघं तरुणपणी परदेशात सिनेमा शिकून आलेले, स्वतःचे पिक्चर करायची संधी हातातून गेली, आणि आता ओमदुरमानमधलं एक बंद पडलेलं ओपन एअर थेटर एका शोपुरतं तरी चालू करायचंय म्हणून धडपडतायत. जागा बघतात, साफसफाई करतात, लोकांना विचारत फिरतात की कुठला पिक्चर बघायला आवडेल, या ऑफिसातून त्या ऑफिसात परवानगीसाठी फेऱ्या मारतात. प्रमोशन म्हणजे काय हे मला त्या पिक्चरने जितकं समजावलं तितकं कशानेच नाही, कारण त्या माणसांना त्यातून काहीच मिळणार नसतं, लोकांनी एकत्र बसून पिक्चर बघावा एवढीच इच्छा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, युगांडाचे व्हीजे. व्हीजे म्हणजे व्हिडिओ जॉकी, काही जण व्हिडिओ जोकर पण म्हणतात. व्हिडिओ हॉलमध्ये इंग्लिश किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेतला पिक्चर लागतो आणि हा माणूस माइक घेऊन लुगांडामध्ये लाइव्ह बोलत राहतो. गोष्ट सांगतो, डायलॉग भाषांतर करतो, मध्येच स्वतःचे जोक टाकतो, व्हिलनला शिव्या घालतो. लोक व्हीजेच्या नावावर कुठल्या हॉलला जायचं ते ठरवतात. कंपालातल्या वाकालिगा वस्तीत आयझॅक नबवाना नावाच्या माणसाने घरच्या घरी अॅक्शन पिक्चर काढायला सुरुवात केली, कॉम्प्युटर जुळवून स्वतःच एडिटिंग आणि इफेक्ट्स करायचे, नट वस्तीतलेच, आणि तेच नंतर दारोदार डीव्हीडी विकायचे. त्याचा २०१० चा 'हू किल्ड कॅप्टन अॅलेक्स' यूट्यूबवरून जगभर गेला, त्यात व्हीजे एमीचा आवाज आहे, आणि गंमत बघा, आवाज न घातलेली मूळ प्रत टिकलीच नाही. आज जो पिक्चर उरलाय तो व्हीजेच्या आवाजासकटच उरलाय! निवेदकाला यापेक्षा मोठा क्रेडिट काय असणार.

घानामध्ये ऐंशीच्या दशकात टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर गाडीत घालून गावोगाव फिरणारे लोक होते. त्यांना छापील पोस्टर कुठून मिळणार, मग पेंटर लोक पिठाची पोती उसवून, शिवून एकत्र करून त्यावर ऑइल पेंटने पोस्टर रंगवायचे. बऱ्याचदा पिक्चर न बघताच, त्यामुळे पोस्टरवर जे साप, जी भुतं, जे रक्त असायचं ते पिक्चरमध्ये असेलच असं नाही. ती पोस्टर आज परदेशातले गॅलरीवाले भरपूर पैसे मोजून घेतात. रवांडात एरिक कबेराने हिलीवूड सुरू केलं, डोंगराडोंगरांवर हवा भरून फुगवायचा पडदा घेऊन जायचं आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच किन्यारवांडा भाषेत बनलेले पिक्चर दाखवायचे. थेटर नाही तर थेटर घेऊन जाऊ, बास.

टेक्निशियन लोकांचा विषय निघाला की मी ट्युनिशियाचं नाव घेते. तिथे फिल्म क्लबची चळवळ जोरात होती, त्यातल्याच ताहर शेरियाने १९६६ ला कार्थेज फेस्टिवल सुरू केलं, फेस्पाकोच्याही आधी. मुफिदा तलातली तिथलीच, कितीतरी वर्षं दुसऱ्यांचे पिक्चर एडिट केले आणि मग १९९४ ला स्वतःचा केला, 'सायलेन्सेस ऑफ द पॅलेस'. अब्देर्रहमान सिसाकोच्या 'टिंबक्टू'ला फ्रान्समध्ये सात सीझर, म्हणजे तिथले मानाचे सिनेमा पुरस्कार, मिळाले तेव्हा सगळीकडे सिसाको सिसाको झालं, पण त्या सातात एडिटिंगचा नाद्या बेन रशीदला, कॅमेऱ्याचा सोफियान एल फानीला आणि संगीताचा अमीन बुहाफाला होता, आणि तिघांचंही मूळ ट्युनिशियाचं. गोष्ट मालीची, डिरेक्टर मॉरिटानियाचा, हात ट्युनिशियाचे. याला खरा पॅन-आफ्रिकन सिनेमा म्हणतात. आणि मेद ओंदो! हाही मॉरिटानियाचा, स्वतःच्या पिक्चरला पैसे मिळत नाहीत म्हणून फ्रान्समध्ये डबिंग करायचा, एडी मर्फीचा फ्रेंच आवाज म्हणजे हाच. हॉलिवूडच्या कॉमेडीतून आलेला पैसा वसाहतवादावर तुटून पडणाऱ्या पिक्चरमध्ये लावायचा.

या सगळ्या पिक्चरचं पुढे काय होतं हा वेगळाच जिव्हारी लागणारा प्रश्न आहे. सप्टेंबर २००९ मध्ये वागाडुगूला पूर आला आणि तिथल्या आफ्रिकन सिनेमाच्या संग्रहाचं मोठं नुकसान झालं. सेम्बेन गेल्यानंतर त्याचं चरित्र लिहिणारा प्राध्यापक सांबा गाजिगो डकारला त्याच्या घरी गेला तर रिळं गंजत पडलेली. २०१७ ला मार्टिन स्कॉर्सेसीची फिल्म फाउंडेशन, युनेस्को आणि आफ्रिकन फिल्ममेकर्सची संघटना फेपासी यांनी मिळून ५० आफ्रिकन पिक्चर दुरुस्त करायचं ठरवलं, मेद ओंदोचा 'सोलेय ओ' त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी. बरीचशी दुरुस्ती इटलीतल्या बोलोन्यात होते. होतेय हे चांगलंच, पण खंडातच अशी लॅब असायला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं, स्वतःचा सिनेमा बघायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ किती पिढ्यांवर येणार.

स्ट्रीमिंगने सगळं सुटेल असं मध्यंतरी वाटत होतं. जानेवारी २०२४ ला अॅमेझॉनने आफ्रिकेतल्या ओरिजिनल्सना पैसे देणं थांबवलं, म्हणजे बाहेरच्यांच्या जिवावर किती राहायचं ते कळलं. त्याच महिन्यात फुंके अकिंदेलेच्या 'अ ट्राइब कॉल्ड जुडा'ने नायजेरियन थेटरांमध्ये एक अब्ज नायराचा टप्पा ओलांडला, तिथल्या पिक्चरने असं पहिल्यांदाच केलं. तिचं प्रमोशन बघण्यासारखं असतं, डान्सचे व्हिडिओ, रोजच्या पोस्ट, स्वतः थेटरात जाऊन प्रेक्षकांना भेटणं. मोठी नटी आहे पण तिकीट विकायला लाजत नाही.

बायकांबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवत नाही. फेस्पाकोचा सोन्याचा घोडा १९७२ पासून देतात आणि २०२५ पर्यंत एकाही बाईला मिळालेला नाही. सारा माल्दोरोर, साफी फाय यांच्यापासून मती दिओप, रुंगानो न्योनी, कौथर बेन हनियापर्यंत एवढी नावं असताना! मती दिओपच्या 'दाहोमे'ला २०२४ ला बर्लिन फेस्टिवलचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन बेअर, मिळालं तरी घरचा घोडा अजून बाईकडे यायचाच आहे. बेटी एलर्सनने वर्षानुवर्षं आफ्रिकन सिनेमातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन, माहिती गोळा करून ठेवलीय, एडिटर, प्रोड्युसर, समीक्षक सगळ्या, आणि सिएरा लिओनच्या महेन बोनेटीने १९९३ पासून न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन फिल्म फेस्टिवल चालवलंय. असं काम कोणी टाळ्यांसाठी करत नाही, पण टाळ्या वाजायला पाहिजेत.

कुठून सुरू करू असं कोणी विचारलं तर मी म्हणेन आधी 'कॅप्टन अॅलेक्स' बघा, यूट्यूबवर फुकट आहे, हसून हसून पुरेवाट होईल. मग सेम्बेनचा 'मंदाबी', मग 'टिंबक्टू'. आणि त्याबद्दल कुठे चार ओळी लिहिल्यात तर डिरेक्टरच्या शेजारी नाद्या बेन रशीदचं आणि सोफियान एल फानीचं नावही लिहा, स्पेलिंग नीट बघून.