ग्रेड सारखी, पगार सारखा, मग फरक कुठला?

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा पगारांचा आढावा होतो आणि तो अहवाल तयार करणं हे माझं काम. कोणत्या विभागाचा पगारखर्च किती वाढला, बाजाराच्या मानाने आपण कुठे आहोत, असला रुक्ष मामला. त्या वर्षी वरून एक जादा ओळ आली: स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत काढा, कारणांसह. ‘कारणांसह’ हा शब्द ज्याने टाकला त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसावी. आकडे काढायला फार वेळ लागला नाही. कारणांवरून मात्र मीटिंग रूममध्ये दुपारी सुरू झालेली बैठक दिवे लागले तरी उठेना.

मी दोन आकडे ठेवले होते. पहिला ढोबळ: सगळे पुरुष एका रांगेत, सगळ्या स्त्रिया दुसऱ्या रांगेत, आणि दोन्ही रांगांच्या बरोबर मधल्या पगारांतला फरक. ब्रिटनमध्ये अडीचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना २०१७ च्या नियमांपासून असाच आकडा तासाच्या दराने जाहीर करावा लागतो. दुसरा आकडा समायोजित. ग्रेड, विभाग, शिक्षण आणि अनुभव सारखे धरले तर किती फरक उरतो, हे तो सांगतो. ही फोड करण्याची रीत १९७३ साली ओहाका आणि ब्लाइंडर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली आणि आजही सगळे थोड्याफार फरकाने तीच वापरतात. आमचा पहिला आकडा चांगलाच मोठा होता. दुसरा जवळजवळ नाहीच.

“मग मिटलं की,” अर्थविभागाचे प्रमुख म्हणाले. “ग्रेड सारखी तर पगार सारखा. बाकी ज्याची त्याची निवड.”

“म्हणजे वरच्या ग्रेडमध्ये बायका दिसत नाहीत ती त्यांची हौस?” प्रोजेक्ट विभागाच्या प्रमुख मॅडमनी फाइल मिटली. त्यांनी फाइल मिटली की काम लांबणार हे आम्हाला ठाऊक आहे.

अर्थविभागाचे सर तयारीने आले होते, हे मान्य करायला हवं. त्यांनी उबरच्या अमेरिकेतल्या चालकांच्या अभ्यासाचा दाखला दिला. तिथे भाडं सूत्राने ठरतं, चालक बाई आहे की बुवा हे सूत्राला कळत नाही, तरीही पुरुषांची तासाची कमाई सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघाली. कारणं तीन: त्या कामातला अनुभव, गाडी कुठे आणि केव्हा चालवली, आणि वेग. “इथे कोण भेदभाव करतंय?” त्यांनी विचारलं. खोलीत काही माना हलल्या.

मॅडमनी डेन्मार्क काढलं. तिथल्या नोंदींवरच्या अभ्यासात पहिलं मूल होईपर्यंत दोघांच्या कमाईच्या रेषा बरोबरीने चालतात. मुलानंतर बाईची रेषा खाली येते आणि पुढे कित्येक वर्षं पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्के खालीच राहते. बापाच्या रेषेला धक्काही लागत नाही. “मूल दोघांचं, निवड एकटीची?”

इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. असे वाद मी पुष्कळ ऐकलेत. एक बाजू ‘निवड’ म्हणते, दुसरी ‘भेदभाव’, आणि दोन्ही शब्द एवढे ऐसपैस आहेत की त्यांच्या आत काय आहे ते उघडून बघायची कोणाला गरज वाटत नाही. माझी अडचण वेगळी होती. समायोजित आकड्यात ग्रेड ‘सारखी धरली’ होती. पण ग्रेड म्हणजे उंची किंवा जन्मतारीख नव्हे. ती आम्हीच देतो. जी गोष्ट आम्ही देतो ती कारण म्हणून बाजूला काढून ठेवायची आणि उरलेला आकडा दाखवून हात झटकायचे, हे मला पटत नव्हतं. म्हणून मी तिसरी शीट केली होती. एकाच वर्षी, एकाच ग्रेडला लागलेली माणसं घ्यायची आणि त्यांचे रस्ते कुठे फुटतात ते पाहायचं.

ती पडद्यावर लावली. सुरुवातीचे पगार सारखे. पहिली काही वर्षं दोन्ही रेषा एकमेकींवर. आणि चौथ्या ग्रेडवरून पाचव्या ग्रेडला जाताना त्या फुटत होत्या.

“इथे काय होतं?” एमडींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

उत्तर एचआरमधल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याने दिलं. ते बोलायला उत्सुक नव्हते. पाचव्या ग्रेडसाठी सलग दोन वर्षं ‘उत्तम’ रेटिंग लागतं. आणि एखाद्या वर्षात ठरावीक दिवसांहून जास्त रजा झाली, तर त्या वर्षीचं रेटिंग आपोआप ‘समाधानकारक’ पडतं. असा नियम का? तर जुन्या पगारप्रणालीत रेटिंगची चौकट रिकामी राहिली तर वर्ष बंद होत नसे. काहीतरी भरायला हवं म्हणून कोणीतरी मधलं रेटिंग भरलं. प्रणाली बदलली, भरणारा निवृत्त झाला, नियम राहिला.

आता हिशेब करा. तो आणि ती एकदमच लागले, दोघंही कामाला चोख. त्याचं उत्तम, उत्तम, बढती. तिचं उत्तम, मग बाळंतपणाची रजा आणि समाधानकारक, मग पुन्हा उत्तम, उत्तम, तेव्हा कुठे बढती. रजा काही महिन्यांची, बढती दोन वर्षं मागे. वार्षिक वाढ टक्क्यांत असल्यामुळे ते अंतर पुढे मिटत नाही, रुपयांत मोजलं तर वाढतच जातं. दुसऱ्या मुलाच्या वेळी हीच उजळणी. आणि माझ्या समायोजित आकड्यात ती बाई दिसतच नाही, कारण तिथे तिची तुलना चौथ्या ग्रेडच्या इतरांशी होते आणि त्यांच्यात तिचा पगार अगदी रास्त असतो!

ही कोणाची निवड म्हणायची? रजा घेणं तिने ठरवलं असेल, पण ‘समाधानकारक’ तिने मागितलं नव्हतं. भेदभाव म्हणावा तर करणाराच सापडत नाही. नियमात बाई हा शब्दसुद्धा नाही.

सर गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत, आणि त्यांचा पुढचा प्रश्न रास्तच होता. “याने सगळा फरक भरून निघतो?”

नाही निघत, मी सांगितलं. रजेवर न गेलेल्या स्त्रियाही पाचव्या ग्रेडनंतर मागे पडत होत्या. सहाव्या ग्रेडला जवळजवळ सगळे ऑन-कॉलचं काम केलेले लोक जातात. ग्राहकाचा फोन रात्री कधीही येतो, आणि तो उचलणाऱ्याला बोनस आणि नाव दोन्ही मिळतं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं म्हणणं नेमकं इथेच लागू पडतं. काही कामांत दुप्पट तासांना दुपटीहून जास्त दाम मिळतो, म्हणून घरात एकाने ते काम पकडणं आणि दुसऱ्याने हाताशी राहणं हिशेबात बसतं. त्यांनी अमेरिकेतल्या औषधविक्रेत्या फार्मासिस्टांचं उलट उदाहरण दिलंय. मालकीची छोटी दुकानं घटली, साखळी दुकानं आणि रुग्णालयं वाढली, नोंदी संगणकावर आल्या. ग्राहकाला समोर अमुकच माणूस हवा असं उरलं नाही. एकाची पाळी दुसऱ्याला घेता येऊ लागली, आणि त्या पेशातली स्त्री-पुरुष तफावत इतर उच्च उत्पन्नाच्या पेशांपेक्षा बरीच कमी राहिली.

“आपला ग्राहक माणूसच मागतो,” सर म्हणाले. “आणि त्याचे पैसे देतो.” यावर कोणाकडे चटकन उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मग एमडींनी मॅडमना विचारलं, ऑन-कॉलसाठी नावं कोण ठरवतं? विभागप्रमुख. तुम्ही लहान मुलं असलेल्या बायकांना विचारता का? मॅडम थोडा वेळ समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांची ओढाताण होऊ नये म्हणून.” लहान मुलं असलेल्या पुरुषांना? त्यांना विचारतात. मघापासून भेदभावावर इतकं तळमळीने बोलणाऱ्या बाईंनी हे चारचौघांत कबूल केलं, याचं मला कौतुक वाटलं. सरांनीही ती संधी साधून टोमणा मारला नाही, हे विशेष.

शेवटी रजेचं वर्ष मोजणीतून वगळायचं ठरलं. मागच्यांचं काय करायचं, हे खर्चाचा अंदाज आल्याशिवाय बोलायला सर तयार नव्हते, म्हणून यादी माझ्याकडे आली. त्या यादीत काही पुरुषही निघाले. लांबच्या आजारपणाच्या रजेवर गेलेले.

ऑन-कॉलबद्दल निर्णय झाला नाही. पण सध्या आमच्याकडे फक्त काम केलं कोणी याची नोंद होते. विचारलं कोणाला आणि नाही म्हणालं कोण, हे कुठेच नाही, आणि त्याशिवाय ‘त्यांनीच नको म्हटलं’ हे खरंही ठरत नाही आणि खोटंही. या तिमाहीपासून त्या शीटमध्ये दोन कॉलम वाढवले आहेत. विभागप्रमुख ते अजून नीट भरत नाहीत.