प्रीलोड पिळून स्प्रिंग कडक होत नाही हो

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की सस्पेन्शन कडक होतं असं गॅरेजवाले छातीठोक सांगतात, पण त्याने फक्त गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा रेट, म्हणजे १ मिमी दाबायला किती न्यूटन लागतात, तो आहे तेवढाच राहतो. एक्सपल्स २०० बाइकला मागे १७० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलायची जागा), म्हणजे हेल्मेट-बूट घालून बसल्यावर ३० टक्के धरून साधारण ५० मिमी सॅग (वजनाने गाडी जितकी खाली बसते तो) पाहिजे. खरी गंमत पुढे आहे, प्रीलोडने तो सॅग जुळवून झाला की खाली उतरा आणि नुसत्या गाडीचा सॅग मोजा. जवळजवळ शून्य आला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडतेय, आणि गाडी स्वतःच्याच वजनाने बरीच बसत असेल तर उलट स्प्रिंग जास्त कडक आहे! ऐकायला विचित्र वाटतं पण असंच असतं. आणि सामान बांधून फिरणार असाल तर सामानासकट मोजा.