दुबईचं लायसन्स काढायचंय? आधी मान वळवायला शिका

रत्नागिरी, खेड, दापोलीकडची कितीतरी मुलं नोकरीसाठी दुबईला जातात. घाटात गाडी सफाईने काढणारी ही मुलं तिथल्या रोड टेस्टला दोन-दोनदा नापास होतात, आणि दर वेळी नवे क्लास, नवी फी. हात कच्चा असतो असं मुळीच नाही. इथल्या सवयी सुटत नाहीत.

आधी कागदांचं. आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट तिथे व्हिजिट व्हिसावर चालतं. त्यासाठी फॉर्म 4ए भरायचा, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. रेसिडेन्सी लागली की ते चालत नाही आणि तिथलं लायसन्स काढावंच लागतं. तरीही एमएच-08चं मूळ कार्ड घरी ठेवून जाऊ नका. जुनं लायसन्स असेल तर क्लासचे सक्तीचे तास कमी होतात. आणि ड्रायव्हरचीच नोकरी बघत असाल तर परीक्षा मॅन्युअलवर द्या. ऑटोमॅटिकवर दिलीत तर गिअरची गाडी चालवता येणार नाही.

गाडीत बसलं की स्टिअरिंग डावीकडे. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच, त्यामुळे पायांना त्रास नाही. त्रास हातांना. आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिथे डाव्या. वळायची वेळ आली की उजवा हात आपसूक उठतो आणि कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागतात. इंडिकेटर लागलेलाच नसतो, आणि परीक्षक तेवढं टिपून ठेवतो.

दुसरी अडचण लेनची. आपल्याला लेनच्या उजव्या अंगाला बसायची सवय. तिथे डावीकडे बसूनही शरीर तीच जागा शोधतं, मग सगळी गाडी उजवीकडे सरकते आणि टायर पट्टीवर चढतो. नजर बॉनेटजवळ असेल तर हे हमखास होतं. लांब, लेनच्या मध्यावर बघा.

सगळ्यात जास्त घात करते ती मान. आपल्याकडे समोरून एसटी आली की आरसा मिटून साईडपट्टीवर उतरायचं आणि आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा. इथे ते बरोबरच आहे. पण दुबईच्या शेख झायेद रोडवर एकाच दिशेला कितीतरी लेन, आणि शेजारची गाडी आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असते. लेन बदलताना आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, मग खांद्यावरून मान वळवून बघायचं, आणि त्यानंतरच स्टिअरिंग. नुसते डोळे फिरवून भागत नाही. मान वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे.

डिपरचा अर्थही वेगळा. इथे समोरचा डिपर देतो तेव्हा ‘मी येतोय, थांब’ असं सांगतो. तिथे डावीकडच्या वेगवान लेनमध्ये मागून डिपर आला तर उजवीकडे सरकून वाट द्यायची.

राउंडअबाउट पूर्ण उलटा. मारुती मंदिरच्या सर्कलला आपण उजवीकडे बघतो. तिथे गाड्या घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्याच फाट्याला वळायचं असेल तर उजवी लेन, डावीकडे किंवा यू-टर्नला डावी. आत शिरल्यावर लेन बदलू नका.

पार्किंगची तयारी मात्र गावातच होते. सड्यावर चार जांभ्याचे चिरे मांडून सहा मीटर लांबीची, म्हणजे साधारण वीस फुटांची, चौकट आखा आणि हॅचबॅक रिव्हर्सने आत घ्या, चौकट डावीकडे धरून आणि मग उजवीकडे धरूनही. चिऱ्याला टायर लागला तर बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून, कारण तिथल्या यार्डात, म्हणजे पार्किंगची परीक्षा होते त्या मैदानात, कडेला धडकलात तर परीक्षा तिथेच संपते. हे पावसाच्या आत उरका. नंतर सड्यावर शेवाळ धरतं आणि ब्रेकचा अंदाज चुकतो.