नांदेड स्टेशनच्या बाहेर : दोन गाड्यांमधला एक दिवस

आमच्या घरात नांदेड म्हणजे गाडी बदलायचं ठिकाण. घर हिंगोलीकडं, धाकटी बहीण सिकंदराबादला दिलेली. वीस वर्षं झाली, आई वर्षातून एकदा तरी तिच्याकडं जाते आणि येताना नांदेडला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसते. पिशवी मांडीवर, तिकीट कनवटीला, कान घोषणेकडं. वीस वर्षांत ती स्टेशनच्या बाहेर एकदाही पडली नव्हती.

या खेपेला मी सोबत होते. तिकिटं मुद्दाम अशी काढली की सकाळी आठच्या सुमारास उतरायचं आणि रात्रीच्या गाडीनं पुढं निघायचं. आई कुरकुरली. "दिवसभर काय करायचं गं तिथं? एसटीनं गेलो तर जेवायच्या वेळेला घरी." मी म्हटलं, या वेळी माझं ऐक. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, ऊन चढायला लागलं होतं, पण सकाळ अजून गार होती.

उतरल्या उतरल्या पहिलं काम सामानाचं. क्लोकरूममध्ये बॅग ठेवायची तर तिला कुलूप पाहिजे आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. आमच्या एका पिशवीला चेनच नव्हती, मग तिच्यातलं सगळं दुसऱ्या बॅगेत कोंबलं. हे घरूनच बघून या. त्याच बॅगेत आईची मिश्रीची डबी ठेवायला लावली. आम्हाला शिखांच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जायचं होतं, आणि गुरुद्वाऱ्याच्या आवारात तंबाखू अजिबात चालत नाही. मिश्री, गुटखा, विडी, सिगारेट यातलं काहीही खिशात ठेवून जाऊ नका. आईला ते जड गेलं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. पण कारण सांगितल्यावर तिनं स्वतःच डबी कापडात गुंडाळून तळाशी घातली.

बाहेर पडायच्या आधी थोडा वेळ फलाटावरच काढला, कारण सचखंड एक्स्प्रेस निघायच्या तयारीत होती. नांदेडहून सकाळी साडेनऊला सुटून ती अमृतसरला जाते, दोन हजार किलोमीटरच्या वर. तिची माणसं लगेच ओळखू येतात. प्रत्येकाजवळ स्टीलचा डबा, ताट, पेला. वाटेत बऱ्याच स्टेशनांवर सेवेकरी गाडीत लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्याचं मोफत जेवण, वाढतात, त्यासाठी भांडं आपलं लागतं. या गाडीनं जाणार असाल तर एक डबा आणि वाटी पिशवीत वरच ठेवा. आईनं एका म्हाताऱ्या सरदारजींना विचारलं, "इतक्या लांबून फक्त दर्शनाला?" त्यांना मराठी कळलं नसावं, पण दर्शन हा शब्द कळला. त्यांनी हात जोडले.

स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव एकटं नाही, 'हुजूर साहिब नांदेड' असं आहे. ही लाईन निजामाच्या काळातली. सिकंदराबादहून मनमाडपर्यंतचा मीटर गेजचा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, आणि त्या रुळांनी हैदराबादशी जोडलेल्या मराठवाड्याला मुंबईकडची वाट मोकळी करून दिली. आता इथं दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचं कार्यालय आहे आणि २०२५ पासून मुंबईची वंदे भारतही जालन्याऐवजी इथून सुटते.

मुख्य दारातून बाहेर आलं की रिक्षावाल्यांचा गराडा पडतो. "मावशी, गुरुद्वारा? बसा की." गुरुद्वारा दीड किलोमीटरच्या आतबाहेर आहे. गुडघे धड असतील तर चालत जा, नसतील तर शेअर रिक्षा करा आणि बसायच्या आधी भाडं ठरवा. गुरुद्वाऱ्याची मोफत बसही स्टेशनबाहेर लागते. दुसऱ्या बाजूचा, गोकुळनगरकडचा रस्ता घेऊ नका, तो उलट दिशेला जातो. एसटी स्टँड स्टेशनपासून जवळच आहे, त्यामुळं लातूर, परभणी, देगलूरकडून बसनं येणाऱ्यांनाही हाच रस्ता.

आम्ही जाताना चालत गेलो. आईचा वेग बेताचा, दोनदा बसलो, पाऊण तास लागला. वाटेत एका हॉटेलात इडली आणि चहा घेतला. बहिणीनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीही तिथंच सोडली. हॉटेलवाला काही म्हणाला नाही, उलट पाण्याचा जग आणून ठेवला. जसजसं गुरुद्वाऱ्याजवळ येतो तसतशा पाट्या बदलतात. देवनागरीच्या शेजारी गुरुमुखी दिसू लागते. दुकानांत किरपाणी, रुमाल, कंगवे, कडी. आणि त्या दुकानात बसलेला पगडीवाला माणूस गिऱ्हाइकाशी आपल्यासारखं मराठी बोलतो. आमच्याशी बोलणारा दुकानदार म्हणाला, "ताई, आमच्या कितीक पिढ्या इथंच गेल्या. पंजाब आम्ही लग्नाकार्याला बघतो."

कड्याचं सांगते, कारण आईला एक घ्यायचंच होतं. दोन प्रकार मिळतात : स्टीलचं आणि सर्बलोह म्हणजे शुद्ध लोखंडाचं. सर्बलोहाचं कडं घेतलं तर ओलं राहू देऊ नका, गंजतं, अधूनमधून पुसावं लागतं. आईनं तेच मागितलं. पन्नास वर्षं भाकरी थापून तिच्या बोटांची पेरं सुजल्यासारखी झालीत, त्यामुळं मनगटाला बसणारं कडं हातातून जाईना. दुकानदारानं तिच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, अंगठा तळव्यात मुडपायला लावला आणि कडं पिशवीवरून एका दमात सरकवलं. मग पिशवी खालून ओढून काढली. हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या मागं ते काळसर कडं बसलं. आई हात फिरवून फिरवून बघत राहिली.

गुरुद्वाऱ्यात जाताना डोकं झाकलेलं पाहिजे. पदर घसरतो, म्हणून ओढणी किंवा मोठा रुमाल सोबत असू द्या. दारात केशरी फडकीही मिळतात. चपला जोडाघरात, पाय धुऊन आत. तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं, गोदावरीच्या काठी, देह ठेवला आणि त्याआधी आपल्यामागं ग्रंथ हाच गुरू असं सांगून गेले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. २००८ साली गुरुता गद्दीची, म्हणजे ग्रंथाला गुरुपद दिल्याची, तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं नांदेडचे रस्ते आणि घाट सुधारले. आज ज्या ऐसपैस फरशीवर आपण बसतो तो भोवतालचा मोकळेपणा बराचसा त्या वेळचा. संगमरवरावर उन्हाची तिरीप, आत कीर्तन, कुणी कुणाला ढकलत नाही. तिरुपती-पंढरपूरच्या रांगा बघितलेल्या आईला हे फार वेगळं वाटलं. "हितं कुणी घाई करत न्हाई बघ," म्हणाली.

तिथून नगीना घाटाजवळच्या लंगर साहिबला गेलो. मला विचाराल तर नांदेडला दोनच तास असतील तर बाकी सगळं सोडा, दर्शन घ्या आणि इथं या. संत बाबा निधानसिंगांची गोष्ट इथं सांगतात. ते कंटाळून पंजाबला परत निघाले होते, नांदेडच्या स्टेशनापर्यंत गेलेही होते. तिथंच गुरूंनी त्यांना दर्शन दिलं आणि म्हणाले, हात तुझा, खिसा माझा. बाबा मागं फिरले आणि लंगर सुरू झाला, तो अजून चालू आहे. आम्ही सकाळी ज्या स्टेशनवरून आलो तेच ते स्टेशन, हे ऐकून आईनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं.

लंगरमध्ये पट्ट्यांवर ओळीनं बसायचं. ताट पुढं येतं, वरण, भाजी पडत जाते. पोळी मात्र ताटात वाढत नाहीत. दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं करायची, वाढणारा तीत ठेवतो. एक हात पुढं केला तर तो थांबून वाट बघतो. हवं तेवढं घ्या, पण ताटात टाकू नका. खाली बसता येत नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा, सोय करतात.

जेवण झाल्यावर आई उठेना. "फुकट जेवून कसं जायचं?" गोलकात, म्हणजे दानपेटीत, पैसे टाकले तरी तिचं समाधान होईना. एका सेवेकऱ्याला विचारलं, तर तो सरळ पोळ्या लाटणाऱ्या बायकांकडं घेऊन गेला. पंधरा-वीस जणी गोल करून बसल्या होत्या, मधे कणकेचे गोळे. आईला लाटण्याची सवय कमी, तिचा हात भाकरीचा. पहिली पोळी जाड झाली, काठ फाटले. शेजारची पंजाबी बाई हसून म्हणाली, "चलेगा माताजी," आणि ती तशीच तव्याकडं गेली. पलीकडं बसलेली नांदेडची शीख बाई मराठीत बोलू लागली.

"कुठल्या तुम्ही, मावशी?"

"हिंगोलीकडच्या."

"म्हणजे नरसीजवळच्या! भगत नामदेवजींच्या गावच्या."

आईचं लाटणं थांबलं. आमच्याकडं नरसी म्हणजे नामदेवांचं जन्मगाव, लहानपणापासून जत्रेला गेलेलं. "तुम्हाला कसा ठावा आमचा नामदेव?" तिनं विचारलं. बाई म्हणाली, गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची एकसष्ट पदं आहेत, आम्ही रोज माथा टेकतो तो त्यांच्यापुढंही. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण आईला ते पिठानं भरलेल्या हातांनी, पोळ्या लाटताना कळलं. पुढचा तासभर ती तिथून हलली नाही. तिच्या पोळ्याही हळूहळू पातळ होत गेल्या.

माझी एक चूक झाली. दुपारी दोनला तिला नगीना घाट दाखवायला नेलं. चपला बऱ्याच लांब काढून ठेवलेल्या, पायऱ्या तापलेल्या. तिच्या तळव्यांना चटके बसले आणि आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. घाट सकाळी दहाच्या आत नाहीतर पाच नंतरच करा. दुपारी सावलीत पडून राहा. मुक्काम करायचा असेल तर गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आहेत, ओळखपत्र लागतं. दसरा-दिवाळी आणि होळीला, म्हणजे होला मोहल्ला या शिखांच्या सणाच्या वेळी, हल्लाबोल नावाची मिरवणूक असते. तेव्हा खोली मिळणं अवघड, आणि गर्दीत म्हातारं माणूस घेऊन येऊ नका.

पाचला परत घाटावर गेलो. एका सावकारानं गुरूंना मौल्यवान नगीना दिला आणि त्यांनी तो नदीत टाकला, म्हणून नगीना घाट, असं सांगतात. गोदावरीला इथली माणसं गंगाच म्हणतात. बंदाघाटही नदीच्याच काठी आहे. गुरूंना इथं माधोदास बैरागी भेटले आणि पुढं बंदा सिंग बहादूर झाले, त्यांचं नाव या घाटाला. दिवाळी पहाटेचं गाणंही तिथंच होतं. नदीकाठी नांदगिरीचा किल्ला आहे, आम्हाला तो जमला नाही. पावसाळ्यात येणार असाल तर वरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडलेत का ते आधी विचारा. पाणी सुटलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात.

संध्याकाळची आरती चुकवू नका. दिवे लावून अशी आरती इतर गुरुद्वाऱ्यांत सहसा दिसत नाही. त्यानंतर गुरूंची शस्त्रं जमलेल्या भाविकांना दाखवतात, तलवारी, ढाल, धनुष्य, एकेक हातात धरून. माणसं श्वास रोखून बघत होती. रोज पहाटे इथं गोदावरीचं पाणी गागरीतून आणतात, तेही बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण त्यासाठी मुक्काम लागतो. कीर्तन चालू होतं तेव्हा आई कान लावून बसली होती. दुपारच्या बाईनं तिला सांगितलं होतं, पदाच्या शेवटी नामदेवांचं नाव येतं, ते ऐका. तिला ते त्या दिवशी ऐकू आलं की नाही, मी विचारलं नाही.

परतताना रिक्षा केली. स्टेशनवर गाडीला तासभर होता. बॅग सोडवून घेतली, मिश्रीची डबी तळाशी तशीच होती, आईनं ती काढली नाही. त्याच फलाटावर, त्याच बाकड्यांपैकी एकावर बसलो. शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिची गाडी पहाटेची, रात्र इथंच काढायची होती.

"रातभर बाकड्यावर कशाला बसतीस, बाई?" आई तिला म्हणाली. "बाहेर रिक्षा मिळती. लंगर चालू असतो, जेवून ये. डोक्यावर पदर घट्ट घे. आणि हे बघ, बॅगेला कुलूप हाय का तुझ्या?"